नदीकाठचे तीन संशयित

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गावच्या टेकडीवरील गढीपासून सावंगीच्या चर्चपर्यंत बेंबळा नदीच्या काठाने जाणारी पायवाट ही अवघ्या यवतमाळ जिल्ह्यातील सर्वांत देखणी पायवाट आहे. सबब, तिच्यावरून विनाकारण चालताना आढळणाऱ्या प्रत्येक इसमावर तात्काळ संशय घेण्यात यावा.

हा हुकूम कोणाचा असं विचाराल तर माझाच. आणि परवा त्याची पहिली अंमलबजावणी माझ्यावरच झाली. कापूस फुटला की मला यवतमाळात करमत नाही. काहीतरी निमित्त काढून मी गावी जातो आणि गढीपासून चालायला सुरुवात करतो. परवा निम्म्या वाटेवर नदीकडे तोंड करून उभा होतो, तर मागून एक मोटरसायकल आली. पोरगा पंचविशीतला, कानात वायर. त्यानं गाडी थांबवली आणि विचारलं, "काका, इकडं काहून फिरून राह्यले?"

मी म्हटलं, "असंच."

आमच्या भागात याहून वाईट उत्तर नाही. त्यानं इंजिन बंद केलं, कानातली वायर काढली आणि मोबाईल पाहण्याचं सोंग करत तो तिथंच बसून राहिला. मी पाण्यापासून दूर झालो, वाटेला लागलो, तेव्हा कुठे त्याची गाडी सुरू झाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पन्नाशीच्या माणसावर कोण संशय घेतो हल्ली? आणि तोही असा, काळजीचा, जुन्या बनावटीचा संशय. मी त्याला मनातल्या मनात हात जोडले आणि थेट त्या हिवाळ्यात जाऊन पडलो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. ते कसे होते हे मी सांगायला नको. त्या वर्षांत आमच्याकडे पांढऱ्या गाड्या भरभरून पाहणीची माणसं येत आणि तेच आम्हाला सांगून जात. गावातलं कुत्रंदेखील पांढऱ्या गाडीवर भुंकायचं सोडून बाजूला होऊन बसायचं. त्या दिवसांत एक शब्द गावातून हद्दपार झाला होता. मरणाचा. लोक म्हणायचे, अमक्यानं 'तसं' केलं. तमका गप्प गप्प असतो, 'तसं' काही करणार तर नाही ना? साधा माणूस साध्या कामाला विहिरीवर गेला तरी चार डोकी कुंपणावरून वर येत. फवारणीचे डबे बायकांनी धान्याच्या कोठीत कुलपाआड ठेवले होते. एकटं चालणं, एकटं बसणं, आभाळाकडे पाहणं, या सगळ्या संशयास्पद हालचाली ठरल्या होत्या.

अशा वर्षी, दिवाळी आटोपल्यावर, मला माझ्या वडिलांनी यवतमाळहून गावी दत्तूकाकांकडे धाडलं. मी नुकताच बी.एड. होऊन घरी बसलेला. जा, हवापालट होईल, म्हणाले. दत्तूकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं सगळं घराणं कचेरीतलं. कोणी कारकून, कोणी पेशकार. दत्तूकाका त्यातल्या त्यात मातीजवळ गेले, कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर झाले. टेकडीवरच, गढीला लागून घर बांधून तिथलेच होऊन गेले. सगळा मुलूख त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचा.

ग्रेडरचा धंदाच संशयाचा. बैलगाडी समोर येऊन उभी राहते, वर शुभ्र, कोरडा, नवरीसारखा नटलेला कापूस. ग्रेडर त्याच्याकडे बघतही नाही. तो बाही सारतो, खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसतो आणि तळातली मूठ बाहेर काढतो. तिथं असतो ओला, किडका, पाल्यापाचोळ्याचा माल. मग ती मूठ नाकाशी धरायची, चिमटीत धागा ओढून पाहायचा आणि निकाल द्यायचा. दत्तूकाकांनी उभं आयुष्य हेच केलं. भाजीवाल्याच्या टोपलीतही ते तळाशी हात घालत. काकू सांगायची की लग्नाआधी तिला बघायला आले तेव्हा समोरचे पोहेसुद्धा त्यांनी खालून उकरून खाल्ले होते.

त्या वर्षी केंद्र बंद पडलं. तळाशी हात घालायला गाडीच उरली नाही. काका बोलेनासे झाले आणि संध्याकाळ झाली की नदीकडे निघू लागले.

मी पोचलो त्याच दिवशी काकूनं मला स्वयंपाकघरात ओढलं. चुलीवर आधण, डोळ्यांत पाणी, आणि आवाज इतका हळू की मला आधणाचाच जास्त ऐकू येत होता. तिचं म्हणणं एवढंच होतं की, हे रोज बेंबळेच्या काठानं चालत जातात, कुठं जातात सांगत नाहीत, तू यांची पाठ सोडू नको. 'तसं' काही मनात असेल तर? मी छाती फुगवून काम पत्करलं. आयुष्यातली पहिली नोकरी लागली.

संध्याकाळी काका निघाले, मी मागे. गढीची वाट आधी उतरणीची आहे. पडक्या बुरुजांच्या भेगांतून सीताफळाची झुडपं बाहेर आलेली, पांढरी माती पायाखाली पिठासारखी. वरून पाहिलं तर नदी म्हणजे कुणीतरी लुगडं वाळत घालून विसरून गेल्यासारखी. उतरण संपली की तुरी लागतात, पिवळ्या फुलांनी डवरलेल्या. मग कपाशी. वेचणीच्या बाया ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत असत, त्यांचे हात बोंडांवर चिमण्या टिपतात तसे चालत, आणि आम्ही दिसलो की हात तेवढे चालू राहत, गाणं बंद पडे. संशय! मग काळा कातळ, लव्हाळी, पाण्यावर वाकलेलं बेशरमच्या झुडपांचं रान. एका जागी मागे गढी आणि पुढे चर्चची लाल कौलं अशी दोन्ही एकदम दिसतात. तिथं कोणाचाही पाय थांबतो.

तिथं काका थांबले आणि मला म्हणाले, "तू आला ते बरं झालं. मले एक माणूस पायजेच होता." मग त्यांनी इकडेतिकडे पाहून जे सांगितलं त्यानं मी गार झालो. सावंगीचे शमुवेल मास्तर, निवृत्त शिक्षक, चर्चची देखभाल करणारे, चर्चला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहणारे. उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. मुलगा नागपुरात. गढीखाली त्यांचा कपाशीचा तुकडा होता, तो लाल्या रोग पडून करपला. तरी मास्तर रोज दुपारी येतात, त्या करपलेल्या तुकड्यात बसतात आणि संध्याकाळी नदीकाठानं एकटे परत जातात. हसतात, बोलतात, पण तो वरचा माल आहे. काकांच्या मते आत ओल होती. म्हणून काका रोज 'सहज' त्यांना वाटेत गाठत आणि चर्चपर्यंत पोचवून येत. आणि मास्तरांना हे कळता कामा नये, कारण मानी माणूस, त्याला अपमान वाटेल.

म्हणजे माझा संशयित स्वतःच पहाऱ्यावर होता! मी मनात टाळी वाजवली. काकूला सांगायचं तर काका शपथ घालून मोकळे झाले होते.

पण खरी मजा पुढेच होती. मास्तर पुढे वाटेतच थांबलेले भेटले. उंच, किडकिडीत, पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, बायबलच्या मराठीत वऱ्हाडी मिसळलेलं बोलणं. आम्ही तिघं चर्चपर्यंत गेलो. कडुनिंबाखाली चुन्यानं रंगवलेली इवलीशी इमारत, बाहेर दोन सागवानी खांबांवर टांगलेली घंटा. मास्तरांनी आम्हाला गुळाचा चहा पाजला. काका हातपाय धुवायला गेले तशी मास्तरांनी माझी बाही धरली. "बाबू, तुह्या काकावर ध्यान ठेवतं जाय. ग्रेडरसाहेबाचं चित्त ठिकाणावर नाई. रोज कायले येते हा माणूस नदीवर? मी दुपारीच घरी जाऊ शकतो. पण मी थांबतो. म्हटलं, याले एकटं सोडू नये."

मग मास्तर 'सहज पाय मोकळे करायला' आमच्याबरोबर परत अर्ध्या वाटेपर्यंत आले आणि तिथून वळले. काका झाडाआड उभे राहून, मास्तर खोलीत दिवा लावेपर्यंत पाहत राहिले.

वाचकहो, मी नाटकांचा वेडा आहे, पण अशी भूमिका मला कोणी कधी दिली नाही. काकू काकांवर संशय घेते, काका मास्तरांवर, मास्तर काकांवर, आणि मधोमध मी, सगळ्यांची गुपितं खिशात घालून गुळाचा चहा पितोय. एका शब्दानं हा सगळा गुंता सुटला असता, पण तो शब्द काढायचा कोणी? काढला आणि दोघांपैकी एकाच्या मनात खरंच ते असलं तर? कोणाच्या, हे मला कळत नव्हतं. रात्री पडल्या पडल्या कधी मला मास्तरांचं हसणं आठवून भीती वाटायची, कधी काकांचं न हसणं आठवून. हसू येत होतं हे खरं, पण ते गळ्यापर्यंतच येत होतं.

गावाला मात्र वेगळाच सुगावा लागला होता. दोन म्हातारे आणि एक तरणा रोज गढीपाशी जमतात, नदीकाठानं फिरतात, बोलणं कुजबुजीचं. दुसरं काय असणार? गुप्तधन! त्यात कोणीतरी उठवलं की ग्रेडरसाहेबानं पुतण्याला यवतमाळहून उगीच नाही बोलावला, तो पायाळू आहे. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. मग काय, वेचणीच्या बाया मला वाटेत थांबवून माझ्या जन्माची चौकशी करू लागल्या. एका आजीनं तर खाली वाकून माझ्या तळव्यांकडे पाहिलं. मीही कमी नाही. मधूनच थांबून जमिनीकडे टक लावायचो, मान हलवायचो आणि पुढे चालू लागायचो. दुसऱ्या दिवशी त्या जागी हमखास खड्डा दिसायचा. आज त्या पायवाटेच्या कडेला जी बोरीबाभळीची झाडं आहेत, त्यांतली काही त्याच खड्ड्यांत उगवली असावीत, असा मला रास्त संशय आहे.

थंडी वाढली. सकाळी नदीवर धुकं, कपाशीच्या बोंडांवर दव, त्यामुळे ऊन चढेपर्यंत वेचणी थांबलेली. सावंगीत नाताळची चाहूल लागली. बांबूच्या कामट्यांची चांदणी करायला घेतलेली पोरं दिसू लागली. आणि एका दुपारी काका बाजाराच्या पिशवीसकट हाशहुश करत घरी आले, चेहरा पांढराफटक.

झालं होतं असं. मास्तर आमच्या गावच्या किराणा दुकानात गेले होते आणि त्यांनी जाड दोर मागितला होता. दुकानदारानं नायलॉनचा दाखवला. मास्तरांनी तो हातात घेऊन ओढून पाहिला, हा घसरतो, गाठ धरत नाही, म्हणाले आणि परत केला. त्यांनी पाठ फिरवताच दुकानदारानं घाबरून दोराची सगळी वेटोळी पोत्यांमागे लपवली आणि काकांना निरोप धाडला. काकांनी काय करावं? त्यांनी दुकानातला होता नव्हता तेवढा दोर उचलून घरी आणला, म्हणजे मास्तरांना तो मिळूच नये, आणि माझ्यादेखत पलंगाखाली सरकवून दिला.

तो संध्याकाळी झाडताना काकूला सापडला.

त्या माउलीची काय अवस्था झाली असेल ते मी लिहीत नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दोराचं वेटोळं. मी शपथ मोडली, सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, "मास्तरसाठी आणला म्हणतो, मग आपल्या पलंगाखाली काहून ठेवला?"  खरं सांगायचं तर माझाही पाय तिथंच अडकला. तळाशी हात घालणारा माणूस; त्याच्या तळाशी कोणी हात घातला होता?

मी गुडघे कवटाळून बसलेला पाहून काकूच मग उठली, दोर माळ्यावर टाकला आणि जाताजाता बोलून गेली की तूही असा बसू नको बाबा, तुझ्या बापानं तुला इथं कशासाठी धाडलं ते आम्हाला ठाऊक आहे. नोकरी नसलेलं पोरगं घरात छताकडे बघत पडून राहतं म्हणून भाऊजींनी यांना लिहिलं होतं, जरा नजर ठेवा.

म्हणजे मीसुद्धा! मला हवापालट म्हणून नव्हे, पहाऱ्यात ठेवायला आणलं होतं. इतके दिवस जिला मी माझी पहिली नोकरी समजत होतो, ती दुसऱ्याची माझ्यावरची नोकरी होती. हसावं की रागवावं हे ठरवता ठरवता मला एक गोष्ट आठवली: छताकडे बघत मी खरंच पडून असायचो. आणि काय विचार करायचो, हे कोणी विचारलं असतं तर मीही "असंच" म्हटलं असतं.

नाताळ जवळ आला तशी एक संध्याकाळ आली. आम्ही गढी उतरून खाली आलो तर मास्तरांचा तुकडा रिकामा. करपलेल्या पऱ्हाट्या तेवढ्या वाऱ्यावर खडखडत होत्या. बाजूच्या शेतातली बाई म्हणाली, मास्तर आज बसलेच नाहीत, लवकर गेले नदीकडं.  काका चालू लागले, मग भरभर चालू लागले आणि मग पळू लागले. माकडटोपी, स्वेटर, पायात वहाणा. ती सगळी देखणी वाट, तुरी, कातळ, लव्हाळी, मी पहिल्यांदाच न बघता ओलांडली. सूर्य चर्चच्या कौलांमागे उतरत होता आणि पाणी तांबडं झालं होतं.

डोहापाशी मास्तर दिसले. पायजमा गुडघ्यांवर खोचलेला, छातीशी भला मोठा धोंडा कवटाळलेला, आणि ते एकेक पाऊल टाकत पाण्यात जात होते.

काकांना पोहता येत नाही. ते वहाणांसकट पाण्यात घुसले. मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांना काय दिसलं असेल? ज्या माणसाची ते रोज राखण करत होते, तो ग्रेडर डोळे फिरल्यासारखा डोहाकडे धावत येतोय. त्यांनी हातातला धोंडा सोडला आणि काकांना मिठी मारली. काकांनी त्यांना. दोघंही एकमेकांना काठाकडे ओढत होते, आणि दोघांचे काठ वेगवेगळे होते. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो तेव्हा पायाखाली काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं आणि तो वास आला.

कुजलेल्या अंबाडीचा वास. विदर्भातलं शेंबडं पोरही तो ओळखतं. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात भिजत घालायच्या, तरंगू नयेत म्हणून वर धोंडे ठेवायचे, साल सुटली की सोलून, धुऊन, वाळवून वाक, म्हणजे सालीचा धागा, काढायचा आणि त्याचा दोर वळायचा. चर्चच्या घंटेचा दोर पावसाळ्यात कुजून तुटला होता. नाताळला घंटा वाजायला हवी होती. मास्तर पेंढ्या उलटून पाहत होते आणि वर पुन्हा धोंडे ठेवत होते, बस. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. काकांनी तर हजार वेळा. दुसऱ्या कुठल्याही वर्षी आम्ही काठावर बसलो असतो, सुटली का हो साल, असं विचारलं असतं आणि तंबाखू मळली असती. त्या वर्षांनी आमच्याकडून काय काय नेलं याचा हिशेब पांढऱ्या गाड्यांतले लोक मांडत होते. पण पाण्यात धोंडा घेऊन उतरणारा माणूस अंबाडीसाठी उतरला असेल, असं वाटण्याची आमची साधी सवयही गेली, ते त्यांच्या लिहिण्यात कधी आलं नाही.

आणि दोर एकट्याला वळता येत नाही. एकानं एक टोक धरून ताण द्यायचा, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला पीळ घालत जायचं. मास्तरांच्या घरी हे काम नवरा-बायको मिळून करत. उन्हाळ्यापासून त्या दोराचं एक टोक मोकळं होतं.

हे सगळं मला पुढे उलगडलं. त्या क्षणी तिघंही थंडीनं कुडकुडत, छातीभर धापा टाकत त्या घाणेरड्या वासात उभे होतो. काका मास्तरांना सोडेनात. मास्तर काकांची कॉलर सोडेनात. डोहावर एक बगळा होता, तोही संशयानं आमच्याकडेच पाहत होता. आणि मग इतक्या महिन्यांत आमच्या गावात, सावंगीत, दोन्ही तीरांवर कोणी मोठ्यानं न उच्चारलेला तो शब्द, शमुवेल मास्तरांच्या तोंडून, वर्गात ओरडावं तशा आवाजात बाहेर पडला:

"मरायचंच असन तं नाताळानंतर मरा ना साहेब, दोराचं दुसरं टोक धरायले मले माणूस पायजे!"